कपाटाला गॅस

चहाला उकळी येऊस्तोर माझी हुशारी ऐका. शोभाला, म्हंजे माझ्या बायकोला, लग्नात मामानं गॅसवरचा ओव्हन दिलता. पाटोद्याच्या घरात तो सात वर्षं कोपऱ्यात पडून होता. परवा तिला नानकटाई करावी वाटली.

मी म्हणलं, आधी तपासू. जुनी नळी काढून नवी लावली, खिडक्या उघडल्या, जोडावर साबणाचा फेस लावला. बुडबुडा आला न्हाई, म्हंजे गळती न्हाई. आई लई येळ टक लावून बघत होती. मी काडी ओढणार, तेवढ्यात तिनं विचारलं, "कपाटाला गॅस कावून लावलाय रं?"

"कपाट न्हाई आई, ह्याच्या आत जाळ होतो."

"जाळ? आरं, त्यात माझं बियाणं हाय!"

दार उघडलं तर आत फडक्याच्या पुरचुंड्या. दोडका, भोपळा, वाल, औंदा लावायचं सगळं बी. तिथं उंदीर शिरत न्हाई म्हणून तिनं ठेवलेलं.

"मी तर सगळं तपासलं होतं," मी पुटपुटलो.

"चूल पेटवायच्या आदी आत मांजर निजलंय का, ते बघावं लागतं," आई म्हणाली. "तुमी भाईरून साबण लावीत बसलाव."