'गॅरेज' नावाचा नंबर

"नेवाशाची ती पोरगी केली असती, तर ट्रॅक्टरबी चालवला असता तिनं. ही तर धड बोलतबी न्हाई." सासूबाई फोनवर नणंदेला सांगत होत्या आणि भिंतीपलीकडे मी भाकरी थापत होते. तेव्हापासून त्या न पाहिलेल्या मुलीवर मी मनातल्या मनात जळतेय.

परवा मी, हे आणि सासूबाई पिकअपमधून श्रीरामपूरला निघालो आणि वाटेतच डिझेल संपलं. यांनी कॅन भरून आणला, टाकीत ओतला, तरी गाडी सुरू होईना. शेवटी यांनी फोन स्पीकरवर लावला. स्क्रीनवर नाव 'गॅरेज', आवाज मात्र बाईचा.

"डिझेलच्या नळीत हवा धरली असंल," ती म्हणाली. "सारखा स्टार्टर मारू नका, बॅटरी उतरंल. फिल्टरवरचा पंप घट्ट होईपर्यंत हातानं दाबा."

हे बॉनेटमध्ये डोकं घालून दाबत राहिले. माझं कधी एवढं मन लावून ऐकल्याचं आठवत नाही.

गाडी सुरू झाली, तशी फोनवरची हसली. "मला बघायला आल्ता तवाबी आमच्या दारात डिझेल संपलं हुतं. आता तरी डिझेलचा काटा बघत जावा."

म्हणजे ही तीच, नेवाशाची.

सासूबाई माझ्याकडे बघत म्हणाल्या, "लई हुशार पोर. पत्रिका जमली न्हाई, न्हाईतर..."

"हुशारच आहे, आई," मी म्हणाले. "तिनं पत्रिकेच्या आधी काटा बघितला."