रेंज अधिकाऱ्याचा डावा कान

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय नाना केळुसकर, प्रमुख पाहुण्या कालिंदीताई राजाध्यक्ष, सत्कारमूर्ती आणि माझा तीस वर्षांपासूनचा मित्र धम्मपाल सकपाळ, उद्यापासून त्याच्या जागी रेंज अधिकारी म्हणून उभी राहणारी मनाली, पहिल्या रांगेत बसलेल्या सुमेधावहिनी, आणि परळ, लालबाग, नायगाव, दादरहून रविवारची झोप सोडून जमलेल्या माझ्या नेमबाज बंधू-भगिनींनो,

मला पाच मिनिटं मिळाली आहेत. "वसंतराव, पाच म्हणजे पाच," असं नानांनी मघाशी बजावलंय. क्लबचा सचिव म्हणून आजवर मी इतरांची भाषणं कापत आलो, तेव्हा मला तक्रारीला तोंड नाही. पण खरं सांगू का? मला ही पाच मिनिटंही नको होती. काल सकाळी माझा घसा बसल्यासारखा झाला तेव्हा मला चक्क आनंद झाला. बायकोने मिठाच्या गुळण्या करायला लावल्या आणि घसा ठणठणीत झाला. त्यामुळे मी आज इथे उभा आहे.

मी अडकलोय, मित्रहो. एक गोष्ट कुणालाही सांगणार नाही असा शब्द मी एका माणसाला दिलाय. आणि ती सांगितल्याशिवाय या समारंभातून मला मान वर करून घरी जाता येणार नाही. तेव्हा काय करायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. बोलता बोलता ठरेल म्हणून बोलतोय.

आधी या डब्याबद्दल सांगतो. धम्मपालला निरोपाची भेट काय द्यायची, यावर आपल्या समितीत तीन बैठका झाल्या. शाल-श्रीफळ तर द्यायचंच, पण शिवाय काय? कुणी म्हणालं भिंतीवरचं घड्याळ, कुणी म्हणालं चांदीचा तांब्या. मी म्हणालो, धम्मपाल दर रविवारी नवीन मुलांना शिकवायला येणारच आहे, तर त्याला कानात घालायची इलेक्ट्रॉनिक बोंडं देऊ या. समितीतल्या एका सद्गृहस्थांनी लगेच खिशातून स्वतःचे गाणी ऐकायचे इअरबड्स काढले आणि म्हणाले, "ही घ्या की. हीसुद्धा बाहेरचा आवाज बंद करतात." म्हटलं साहेब, शेजारच्याचं घोरणं बंद करणं वेगळं आणि पिस्तुलाचा बार बंद करणं वेगळं.

मग काय, निवडायचं काम माझ्याच गळ्यात पडलं. मी फोर्टातली दुकानं पालथी घातली, इंटरनेटवर डोळे फोडले. कानावर बसणारी मोठी टोपणं पाहिली. ती चांगली असतात, पण चष्म्याच्या काडीमुळे कडेला फट राहते, रायफल गालाला लावली की दस्त्याला आपटतात, आणि आपल्या उकाड्यात अर्ध्या तासात आत घामाचं तळं होतं. साधी फोमची बोंडं पाहिली. ती सगळंच बंद करतात, बारही आणि माणसाचं बोलणंही. हे जे या डब्यात आहे त्याच्या बाहेरच्या अंगाला बारीक मायक्रोफोन असतो. कुणी हळू बोललं तर ते आत येतं, आणि बार झाला की डोळ्याचं पातं लवायच्या आत यंत्र तो आवाज अडवतं. स्पर्धेत नेमबाजाला असलं यंत्र चालत नाही. पण अधिकाऱ्याला आणि शिकवणाऱ्याला चालतं. दुकानदाराने मला डेसिबलचे आकडे सांगितले, ॲप दाखवलं, ब्लूटूथ दाखवलं. शेवटी मी त्याला विचारलं, "बाबा रे, यात महत्त्वाचं काय?" तो म्हणाला, "काका, पुढची रबराची टिप कानात घट्ट बसली पाहिजे. फट राहिली तर सगळं फुकट. आणि चार्जिंग संपलं तरी साध्या बोंडाइतकं काम करणारच." हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं.

तुम्ही म्हणाल, वसंत आजगावकरला अचानक कानांचा एवढा पुळका का? ते सांगायचं तर मला मागे जावं लागेल. नाना, मी घड्याळ बघतोय, काळजी करू नका.

अठ्ठ्याण्णव साली आपल्या रेंजवर रेंज अधिकारी मी होतो. इथल्या अर्ध्या लोकांना हे माहीत नसेल. दोन्ही कानांवर टोपणं लावून मी ऐटीत भिंतीशी उभा असायचो. एका सकाळी तिसऱ्या जागेवरच्या नवख्या गृहस्थांचं पिस्तूल अडकलं. ते पिस्तूल हातात धरून, बोट चापावर ठेवून, माझ्याकडे वळले. रांगेतली पाच-सहा माणसं "थांबा, थांबा" म्हणून ओरडत होती. मी फळ्यावर गुण लिहीत होतो. मला एक अक्षर ऐकू आलं नाही. गोळी सुटली आणि माझ्या डोक्यापासून दीड हातावर भिंतीत गेली. कुणाला काही झालं नाही. गृहस्थ खाली बसून रडायला लागले. मी नाही रडलो, मी घरी जाऊन दोन दिवस जेवलो नाही.

तिसऱ्या दिवशी मी राजीनामा दिला आणि समितीपुढे एक ठराव मांडला. रेंज अधिकाऱ्याने यापुढे डावा कान उघडा ठेवावा. डावाच का? कारण आपल्या रेंजवर अधिकाऱ्याची जागा उजव्या भिंतीला लागून आहे आणि नेमबाजांची रांग त्याच्या डाव्या हाताला. ओरडण्याचा आवाज त्या बाजूने येणार. बाराचाही आवाज त्याच बाजूने येणार, हे मला सुचलं नाही. किंवा सुचलं असेल, पण मी तेव्हा इतका घाबरलेला होतो की मला दुसरं काही दिसत नव्हतं. ठराव एकमताने मंजूर झाला. मी टेबलामागे सचिव होऊन बसलो, पंख्याखाली, दोन्ही कान शाबूत. आणि माझ्या जागी, माझा नियम पाळायला, धम्मपाल उभा राहिला.

त्या नियमाचं पुढे काय झालं तुम्हाला माहीत आहे. ती आपल्या क्लबची शान झाली. "आमचा अधिकारी एक कान रेंजला देतो," असं आपण पाहुण्यांना अभिमानाने सांगतो. मघाशी नानांनीही तेच सांगितलं आणि तुम्ही टाळ्या वाजवल्या.

आता मी त्या ठिकाणी आलोय जिथे मला थांबायला हवं.

दीड महिन्यापूर्वी ही बोंडं घरी आली. मी धम्मपालला दुपारी रेंजवर बोलावलं. रेंज बंद होती, आम्ही दोघंच. उजव्या कानात त्याला साधं फोम घालायला लावलं, डाव्यात हे यंत्र. त्याच्यासमोर उभा राहून विचारलं, "काय, येतंय ऐकू?" तो म्हणाला, "वा! एकदम क्लिअर." मी खूश. म्हटलं पैसे वसूल. मग डब्याकडे लक्ष गेलं. डाव्या यंत्राचं बटण मी दाबलंच नव्हतं. यंत्र बंद होतं. दोन्ही कान बोंडांनी बंद असलेला माणूस मला एकदम क्लिअर म्हणत होता.

मी उजवं फोम तसंच ठेवून डावं यंत्र काढून घेतलं आणि त्याच्या मागे जाऊन उभा राहिलो. डाव्या बाजूला, हातभर अंतरावर. "धम्मपाल," म्हणून हाक मारली. मग मोठ्याने मारली. मग ओरडलो. तो समोरच्या टार्गेटकडे बघत शांत उभा होता.

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा तो वळला, आणि माझ्या चेहऱ्यावरून त्याला कळलं. म्हणाला, "वश्या, डावा गेला रे. पाच-सहा वर्षं झाली. आधी शिट्टी वाजायची, मग शिट्टी पण गेली."

मी विचारलं, "आणि रेंज कशी चालवलीस?"

"ओठ बघून, हात बघून. माणूस बोलायच्या आधी त्याचा हात हलतो. पण गेल्या दिवाळीत एकाचा हात मला उशिरा दिसला. तेव्हाच ठरवलं, आता बस. तब्येतीचं कारण लिहून दिलं."

"सुमेधावहिनींना माहीत आहे?"

"ती उजवीकडूनच बोलते. किती वर्षं झाली."

मग त्याने माझा हात धरला. "कुणाला बोलायचं नाय. मी नायगावच्या चाळीतून आलेला माणूस, लोक मला सर म्हणतात. बहिरा म्हणून निरोप नको मला. आणि हे यंत्र मला काय कामाचं? माझ्या नावाने घे, पण टिप्स लहान घे. मनालीच्या कानाच्या. तुझा तो नियम तेवढा मोडून टाक."

मी शब्द दिला. दोन्ही गोष्टींचा दिला. आता माझी गंमत बघा. नियम मोडायला मी समितीत दोनदा गेलो. यंत्र दाखवलं, समजावून सांगितलं. नानांनी विचारलं, "बॅटरी संपली तर?" मी उत्तर दिलं. मग त्यांनी विचारलं, "वसंतराव, सत्तावीस वर्षं हा नियम आहे. आजवर कुणाला काही झालं का?"

आणि मी गप्प बसलो. नाना, तुमचा प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर तुमच्या शेजारच्या खुर्चीत बसलंय, आणि मला ते द्यायची बंदी होती. दोन्ही वेळा इतिवृत्तात मी माझ्या हाताने लिहिलं, सचिवांकडे समाधानकारक कारण नव्हतं.

तरीही मी गप्पच राहिलो असतो. भित्रा माणूस आहे मी, हे एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल. पण मनाली तीन आठवडे धम्मपालच्या शेजारी उभी राहून काम शिकतेय. परवा चहा घेताना ती मला सहज म्हणाली, "काका, सराव संपला की डाव्या कानात शिट्टी वाजते. दादरला घरी पोचेपर्यंत जाते." आणि आज मघाशी, याच माइकवर, तिने तुम्हा सगळ्यांपुढे सांगितलं की सरांसारखाच मीही एक कान रेंजला देईन. तुम्ही उभं राहून टाळ्या वाजवल्यात. मीही वाजवल्या. सगळ्यांत जास्त वेळ मी वाजवल्या, कारण टाळ्या थांबल्या की माझं नाव पुकारणार होते.

तर सांगून झालं. शब्द मोडून झाला. नाना, आता घड्याळ दाखवू नका.

मनाली, इकडे ये. हा डबा धर. टिप्स लहान आहेत. एक उजव्या कानात घाल. आता दुसरं. डाव्या कानात. बघतेस काय नानांकडे? घाल. बटण दाब. दाबलंस? बरं. माझं हळू बोलणं ऐकू येतंय? येतंय ना? बस्स, मला एवढंच बघायचं होतं. उद्यापासून तू दोन्ही कान झाकून उभी राहशील. समितीला ठराव हवा असेल तर मी आज दुपारी लिहून देतो, आणि त्यात कारणही लिहितो.

धम्मपालकडे मी इतका वेळ बघितलेलं नाही. या हॉलचे स्पीकर तुमच्याकडे तोंड करून आहेत. मंचावर नुसता घुमणारा आवाज येतो आणि मी त्याच्या डाव्या हाताला उभा आहे. इतका वेळ तुम्ही हसलात की तोही हसत होता. त्याला वाटलं असेल, वश्या कौतुक करतोय. आता तुम्ही गप्प झालात, वहिनींनी डोळ्यांना पदर लावला, आणि तो वहिनींकडे बघतोय. आता माझ्याकडे बघतोय.

खुर्ची फिरवतोय तो. पाठ लोकांकडे झाली तरी चालेल, फिरव. उजवा कान माझ्याकडे केलाय त्याने. म्हणजे मला परत सांगावं लागणार. सांगतो. यंत्राचं, नियमाचं सगळं नाही सांगत, एवढंच सांगतो.

धम्मपाल, मी घाबरलो होतो आणि त्याची किंमत तुझ्या कानाने दिली. तू मला एकदाही बोलून दाखवलं नाहीस. आज मी तुला दिलेला शब्दही मोडला, सगळ्यांसमोर. तुला राग आला तर माझ्याशी बोलू नकोस, पण मला दुसरा रस्ता सापडला नाही.

अध्यक्ष महाराज, प्रमुख पाहुण्या कालिंदीताई, आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, मी आपला ऋणी आहे. हॉल देणाऱ्या विश्वस्तांचे आणि सकाळपासून चहा पुरवणाऱ्या कमलताईंचे आभार मानतो. भाषणात काही अधिकउणं झालं असेल तर सभागृहाने पोटात घालावं, अशी विनंती करायची आपल्याकडे रीत आहे. सभागृहाने घालावं. या माणसाला मात्र मी तशी विनंती करत नाही. त्याने माफ केलं नाही तरी दर रविवारी मी रेंजवर येईन आणि त्याच्या उजव्या बाजूला उभा राहीन.

नमस्कार. जय भीम.