चांदणी, पेन्सिल आणि करमणूक समिती

…आणि माझ्या हातात काय दिलं, तर गुलाबदाणी! आता तुम्हीच सांगा, गणिताच्या परिषदेत गुलाबदाणीचं काय काम? तुम्हाला सांगते, दीडशे गणिताचे मास्तर अख्ख्या मराठवाड्यातून लातूरला आलेले, आणि मी गेटवर उभी राहून एकेकाच्या अंगावर गुलाबपाणी शिंपडून राहिले… पन्नासाव्या मास्तरांनंतर हात दुखायला लागला, शंभराव्यानंतर दुखायचा थांबला, आणि त्यानंतर मला काही वाटलं नाही.

तसं मला काही वाटतच नाही. भूकंप झाला तेव्हापासून हे असं आहे, असं तारामती मावशी म्हणते. माझं गाव मुखेडकडचं, मी शिकायला लातूरला मावशीकडे असायचे. जमीन हलली, सगळे अंगणात उभे राहून रडायला लागले, आणि मी म्हणे परत घरात गेले आणि कंपासपेटी घेऊन आले. मला आठवतही नाही. या गोष्टीला परिषदेच्या वेळी दोन वर्षं झाली होती, पण मावशी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचीच, पोरगी लई गुणाची हाय, पण आतून बंद पडलीय, घड्याळावानी. माझ्यासमोर सांगायची. मला काही वाटायचं नाही.

तर मी परिषदेला गुलाबपाण्यासाठी गेले नव्हते. मला तिथं दहा मिनिटं मिळणार होती. रामलिंग सरांच्या साध्या बॅचला मी होतेच, पण स्पेशल बॅचला चाळीस जागा, हे मी तुम्हाला काय सांगू, आणि प्रवेश परीक्षेत मी आले एक्केचाळिसावी. का? तर चांदणीमुळे. पाच टोकांची चांदणी, पाचही टोकांचे कोन मिळून एकशे ऐंशी अंश होतात हे सिद्ध करा. पुस्तकात याला अर्धं पान लागतं. मी चार ओळी लिहिल्या. चांदणीच्या एका रेघेवर पेन्सिल ठेवा, टोकापर्यंत सरकवा, तिथं त्या कोनाएवढी वळवा, की ती पुढच्या रेघेवर येते. अशी पाचही टोकं करा. परत पहिल्या रेघेवर याल तेव्हा पेन्सिल उलटी झालेली असते, शिसाच्या जागी रबर. म्हणजे अर्धा फेरा. म्हणजे एकशे ऐंशी. झालं! सरांनी त्याला शून्य मार्क दिले आणि मला बोलावलं.

"ही पेन्सिल कुणी सांगितली तुला?"

कुणीच नाही, म्हटलं.

"मग ही पद्धत न्हाई पोरी. पद्धत कुणीतरी सांगितलेली असती." असं म्हणून सरांनी चष्मा कपाळावर चढवला, जसा ते चढवतात, आणि बराच वेळ स्वतःच टेबलावर पेन्सिल फिरवत बसले. मग म्हणाले, परिषदेत विद्यार्थ्यांसाठी दहा मिनिटं ठेवलीत, तिथं मांड. चार जाणत्या माणसांनी मान डोलवली, तर एक्केचाळिसावी खुर्ची टाकतो.

एवढंच होतं माझं काम. चार माना.

पण परिषदेला होती करमणूक समिती! आणि समितीचे प्रमुख होते नांदेडचे कलीम सर. शेरवानी घातलेले, खिशात शिट्टी, आणि एकच म्हणणं, "बेटा, गणितवाले बी इन्सानच हैं ना." माझी दहा मिनिटं होती बारा वाजता. बारा वाजता सत्कार चालू होते. पाहुण्यांचा सत्कार झाला, मग ज्यांनी सत्कार केला त्यांचा सत्कार झाला, मग कुणाच्या तरी लक्षात आलं की शाली आणून देणारे केरबामामा राहिलेच, तर त्यांचा झाला, आणि त्यांना दिलेली शाल त्यांनीच घडी करून परत ढिगात ठेवली, कारण सवय. कलीम सर म्हणाले, तीनला तुझं. मला काही वाटलं नाही.

मग जेवण. पंगतीत आम्ही मुली वाढायला. मास्तर लोक ताटावर दोन्ही हात आडवे धरून नको नको म्हणतात, आणि बोटांत बरोबर एका जिलबीएवढी फट ठेवतात. तीन वाजले, तर संगीत खुर्ची! दीडशे मास्तर, एकशे एकोणपन्नास खुर्च्या, आणि सगळं मांडवात, कारण त्या वेळी लातुरात स्लॅबखाली बसायला कोणी तयार नव्हतं. खेळ रंगला, बारा खुर्च्या उरल्या, आणि रस्त्यावरून गेला उसाचा ट्रक. जमीन थोडी हलली… मांडव रिकामा! सगळे मैदानात. कोणी धोतर सावरतंय, कोणी नुसतंच उभं. ज्यांच्या घरचं कोणी गेलं होतं ते लगेच ओळखू येत होते, ते परत आत यायला सगळ्यांत उशीर लावत होते.

मी पळाले नाही. मी एका खुर्चीवर बसले होते. कलीम सर परत आले, मला पाहिलं, शिट्टी वाजवली आणि मला विजयी घोषित केलं. बक्षीस, स्टीलचा डबा. त्यावर मास्तरांची चर्चा झाली, खेळत नसलेला जिंकू शकतो का, आणि ती चर्चा पाऊण तास चालली, परिषदेतली तेवढीच गणिताची चर्चा. माझं गेलं पाचवर. पाचला गाण्यांच्या भेंड्या, नांदेड विरुद्ध लातूर, कोणी हरायला तयार नाही.

शेवटी मी कलीम सरांच्या समोर जाऊन उभी राहिले. बोलले काहीच नाही, मला जमत नाही, नुसती पेन्सिल धरून उभी. माणूस चांगला. त्यांना वाईट वाटलं. त्यांनी सहाच्या मनोरंजनात, बासरी आणि नकला यांच्या मधोमध, मला बसवलं.

सहाला मी माइकसमोर. फळ्यावर चांदणी काढली. समोर दीडशे मास्तर, अध्यक्ष सुमय्या मॅडम, पहिल्या रांगेत रामलिंग सर. आणि माझा आवाज गेला. म्हणजे आलाच नाही. मला माझ्या आवाजात चार माणसांत बोलायची सवयच नाही हो… लातुरात आल्यापासून गणित मी ऐकलं ते रामलिंग सरांच्या आवाजात. ओठ हलवून राहिले, आणि तोंडातून अचानक आलं,

"पोरांनो, ध्यान द्या हिकडं! ही पेन्सिल हाय. ही माझ्या मेव्हण्याची न्हाई, ही गणिताची हाय!"

मांडव हशानं फुटला. आता तो आवाज सोडला तर दुसरा सापडेल की नाही कुणास ठाऊक, म्हणून मी त्याच आवाजात पुढं गेले, चष्मा नव्हता तर नुसताच हात कपाळावर, पहिलं टोक, "समजलं का? न्हाई समजलं तरी हाव म्हणा", दुसरं टोक, तिसरं, मास्तर लोक डोळे पुसून राहिले, एक जण खुर्चीवरून खाली, पाचव्या टोकाला पेन्सिल उलटी झाली, "म्हणून एकशे ऐंशी, घरी जा!" आणि टाळ्या. माना डोलल्या. दीडशेच्या दीडशे डोलल्या. पण हसताना.

मनोरंजनात मला दुसऱ्या नंबरचं बक्षीस मिळालं, एकपात्री म्हणून. पहिलं बासरीला.

मी खाली उतरले तेव्हा सुमय्या मॅडम रामलिंग सरांचा हात हातात घेऊन उभ्या होत्या. त्या एकट्या हसल्या नव्हत्या, त्यांनी वहीत चांदणी काढून घेतली होती. त्या म्हणाल्या, "सर, पेन्सिलची ही पद्धत फार सुंदर आहे तुमची."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी सरांकडे पाहिलं. मला म्हणायचं होतं, माझी आहे. पण त्यासाठी माझा आवाज लागला असता.

सर म्हणाले, "आभारी हाय, मॅडम."

तुम्हाला सांगते, मला काही… बरं, जाऊ द्या.

खुर्ची मिळाली नाही. सर म्हणाले, बॅच भरली. पण सरांचं मन मोठं आहे, दर वर्षी क्लासच्या स्नेहसंमेलनाला मला आवर्जून बोलावतात, यंदाही बोलावलं, म्हणून मी तुमच्यासमोर उभी आहे. तुम्ही चाळीस जण हुशार आहात. तुमच्या नोट्समध्ये पान एकोणतीसवर 'सरांची सोपी पद्धत' आहे, चांदणीची. मी पाहिली, नीट छापलीय. फक्त तिसऱ्या टोकाला पेन्सिल चुकीच्या बाजूला वळवलीय, तिथं तुमचं उत्तर येणार नाही. पण ते तुम्ही सरांना विचारा. मी इथं करमणुकीला आले.