सगळ्यांची कंबर बावन्न

नका ठेवू विश्वास! अजिबात ठेवू नका, माझ्या सुनेनंही ठेवला नव्हता, आणि ती तर गळ्यात टेप अडकवून समोर उभी होती! पण तुम्हाला सांगते, एका दुपारी, या हातांनी, हे बघा, याच दोन बोटांनी, मी चारशे अकरा माणसांची कंबर बावन्न इंच करून टाकली. पोरंटोरं, म्हातारेकोतारे, आमचा पोस्टमन... इतका बारीक, की सायकलच त्याला नेते असं वाटतं... तोसुद्धा बावन्न! आणि मी केलं काय? एक ओळ लिहिली!

हसू नका, आधी ऐका. सून माझी शिवणकाम करते, खाली दुकान, वर आम्ही. गिऱ्हाइकांची मापं जाड वहीत असायची. तर नात माझी, कॉम्प्युटरच्या कॉलेजात जाते ती, म्हणाली, "आई, वही कसली, मी सगळं डेटाबेसमध्ये घालते!" डेटाबेस म्हणजे काय, तर याद्या ठेवायचं कपाट. आणि फुकट! म्हटलं, फुकट कोण देतं गं? तर म्हणे, "आजी, जगभरची माणसं मिळून बांधतात. ओपन सोर्स असतं ते, उघडं. कुणीही डोकवावं, कुणीही दुरुस्त करावं." कुणीही? "कुणीही!" मग मला इतकी वर्षं कुणी बोलावलं का नाही?

पण तसं नाही हो. आधी प्रस्ताव मांडावा लागतो! मी इथं असा टाका घालणार, का घालणार, किती दिवसांत घालणार. मग तिथले मुरलेले कारागीर बघतात, आणि पटलं तर सुट्टीभर हाताखाली घेतात. पोरीला तेवढंच हवं होतं. जेवताना तेच, दात घासताना तेच, तोंडात फेस आणि प्रस्ताव! तिचं म्हणणं काय, की कुणी कपाटातलं बदलायला गेलं, की कपाटानं आधी विचारावं, "इतक्या जणांचं बदलेल, करू का?" बास. तर त्यांचा मुख्य... एवढासा फोटो दिसतो त्याचा, त्यात अर्धी दाढी... तो दाढीवाला सगळ्यांसमोर लिहितो, "कल्पना बरी आहे, पण आमचं कपाट वापरणारे जाणते असतात. अशी चूक खरंच कोण करतं? एक माणूस दाखवा. शुक्रवारी पाचपर्यंत." पोरगी एवढंसं तोंड करून बसली. एक माणूस कुठून आणायचा?

आता यात ती शाळेची मुख्याध्यापिका आली. माप देताना पोट आत ओढणार, श्वास कोंडणार, लाल होणार, आणि वर म्हणणार, "टेप जरा सैल धरा हो, तुमची टेपच आटलीय!" आणि मला, "आजी, तुम्ही अजून दुकानात? लुडबुड नका करू, आराम करा!" मी! लुडबुड! म्हटलं थांब, तुझा पुढचा स्कर्ट असा शिवून येईल की भर प्रार्थनेत घोट्यापाशी उतरेल!

बुधवार. सून कापड आणायला गेलेली, नात कॉलेजात. दुकानातल्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर नातीनं आईसाठी चिठ्ठी चिकटवलेली, माप कसं बदलायचं त्याची. दोनच ओळी. पहिली ओळ, कंबर इतकी कर. दुसरी ओळ, अमक्याची. मी चौथी शिकलेली, पण अक्षर बघून अक्षर दाबायला काय लागतं? वेलबुट्टी काढावी तशी एकेक अक्षर उतरवली पहिली ओळ, आकडा घातला बावन्न. आणि मग? अहो, शिवणकामात काय करतो आपण? एक शिवण घालायची, दाबून बघायची, मग दुसरी! मी दाबलं, ते एंटरचं बटण. म्हटलं, दुसरी ओळ, मुख्याध्यापिकेच्या नावाची, आता सावकाश घालू. कपाट हूं नाही की चूं नाही. आणि सगळ्यांची कंबर बावन्न! मी केलं काय? एक ओळ लिहिली!

संध्याकाळी सून बघते तर, "चौथीतल्या पोराची कंबर बावन्न? याच्या चड्डीत अख्खा वर्ग बसेल!" पुढचं पान, बावन्न. त्याच्या पुढचं, बावन्न. नात पांढरीफटक. तिला वाटलं, आपणच काल काहीतरी करून ठेवलं. "आई, मला साधं कपाट सांभाळता येत नाही, मी काय जगाचं दुरुस्त करणार? मी प्रस्ताव मागे घेते." आणि तोंड फिरवून रडायला लागली हो...

आता खोडी करून गप्प बसायचं हा माझा जन्मभराचा नेम. पण ते रडणं ऐकवेना. म्हटलं, "अगं, मीच केलं." सून म्हणाली, "आई, तिला बरं वाटावं म्हणून काहीही सांगू नका!" आयुष्यात एकदा खरं बोलले, तर ही गत! शेवटी दोन बोटांनी परत तीच ओळ काढून दाखवली, तेव्हा पटलं. नात डोळे पुसत माझ्याकडे अशी बघायला लागली, जशी मांजर दुधाकडे. "आजी... तूच तो एक माणूस!"

पण दाढीवाल्याला कळवायचं म्हणजे उघडं ना ते? कुणीही वाचावं. मुख्याध्यापिकेनंही! क्षणभर वाटलं, नको. मग पोरीचं नाक बघितलं, टोमॅटो झालेलं. म्हटलं लिही. स्कर्ट लिही, घोटे लिही, पोस्टमन लिही, काही गाळू नकोस. आणि शेवटी घाल, की दाढीवाल्या, मी अडाणी असेन, पण तुझ्या कपाटानं एकदा तरी विचारायचं होतं, आजी, चारशे अकरा जणांची करू का? मी नाही म्हटलं असतं. मी केलं काय? एक ओळ लिहिली!

सून आणि मी दोन दिवस जुन्या वहीतून मापं परत घालत बसलो, आणि शुक्रवारी पावणेपाचला उत्तर आलं. "माणूस मिळाला. प्रस्ताव मान्य." पोरगी उडाली ती शिलाई मशीनवर आदळली, मीही उडाले असते, पण गुडघे मान्य करेनात!

पण खाली आणखी एक ओळ होती मेल्याची. "सुट्टीभर प्रत्येक दुरुस्ती आधी आजींच्या हातात द्यावी. त्यांना मोडता आली नाही, तरच आम्ही घेऊ."

झालं! आता रोज चारला खुर्ची, पाठीला उशी, आणि नात पेन घेऊन डोक्यावर. "आजी, मोड ना गं काहीतरी!" अहो, मोड म्हणून सांगितल्यावर मोडतं का कुणी? सत्तर वर्षं सगळे ओरडले, हात लावू नकोस, तेव्हा किती सुचायचं! परवा तर सगळं बरोबर लिहिलं मी. एकही चूक नाही! दाढीवाला काळजीनं विचारतो, "आजींची तब्येत बरी नाही का?"

जा बाई आता, जा. चार वाजले. माझी ड्यूटी सुरू झाली.