नातीचा तोल

दवाखान्याच्या बाकावर नंबराची वाट बघत बसलेल्या शिंप्याच्या कानावर शेजारच्या दोघींचं बोलणं पडत होतं. धाकटीच्या मांडीवर तीन वर्षांची लेक होती.

"काय झालं होतं हिला?"

"कांजिण्या. त्या बऱ्या झाल्या आणि ही झिंगल्यासारखी चालायला लागली."

"अगंबाई. मग?"

"मग काय, सासऱ्यांचा ग्लास हुंगला. म्हटलं, त्यांनीच घोट पाजला असणार. त्यांनाही नक्की आठवेना. नातीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, आता थेंबही घेणार नाही."

"आणि डॉक्टर?"

"म्हणाले, कांजिण्यांनंतर क्वचित मेंदूचा तोल सांभाळणारा भाग सुजतो. हळूहळू बरं होतं."

"सासऱ्यांना सांगितलंस?"

"अजून नाही. सध्या दोघंही सरळ चालतायत."