बिनहोडीचा स्पर्धक

हसा खुशाल, पण गळाने मासे पकडायच्या स्पर्धेत मी खरंच उतरलो होतो. होडी नव्हती, तरी अख्ख्या शाळेला सांगून बसलो होतो, त्यामुळे माघार घेता येईना. तेवढ्यात कळलं, की झाईच्या हेमाताईंना जोडीदार हवाय. त्यांच्या नवऱ्याचा हात मोडला होता आणि नियमाप्रमाणे होडीत दोघं लागत होती. नवाकोरा गळ घेऊन मी कोसबाडहून झाई गाठली.

“मास्तर, पोहता येतं?” हेमाताईंनी विचारलं.

“नाही.”

“इंजिन चालवता?”

“नाही.”

“मग येतं काय?”

“शिकायची आवड आहे.”

त्यांनी कपाळावर हात मारला. “बसा. दोघं तरी होतील.”

किनारा लांब गेला आणि मला बोट लागली. होडीबाहेर वाकून सगळं ओकलो. मान वर केली तर हेमाताई माझ्याकडे नाही, पाण्याकडे बघत होत्या. त्यांनी नेमका तिथेच गळ टाकला. पाच मिनिटांत हा थोरला शिंगाळा वर आला! आमचा चक्क दुसरा नंबर.

बक्षीस देताना सूत्रसंचालकाने मला विचारलं, “सर, आमिष कोणतं वापरलंत?”

मी घसा साफ करतोय, तोवर हेमाताईंनी माइक ओढून घेतला.

“मास्तरांच्या बायकोने बनवलेलं. सकाळचे पोहे.”

पहिल्या रांगेत आमची बायको टाळ्या वाजवत होती. तिचे हात तिथेच थांबले.