दंडावरचे निळे डाग

माझ्या नवऱ्याने माझ्यावर कधी आवाजही चढवलेला नाही, तरी लग्नाला महिना व्हायच्या आत त्याला माझ्यापायी शिव्या बसल्या.

झालं असं, की मी तलवारबाजी खेळते. राज्याच्या संघाची निवड तोंडावर आली होती. सासरी, वळ गावात, मी नुसतं ‘क्लासला जाते’ एवढंच सांगायचे. खरं कळलं तर नव्या सुनेचा खेळ बंद होईल, ही धास्ती. सरावाआधी उजव्या हातातला हिरवा चुडा साबण लावून उतरवायचा, घरी येताना पुन्हा भरायचा. त्या दिवशी नेमका भरायचा राहिला.

भाकरी थापताना सासूबाईंनी माझा मोकळा हात पाहिला. बाही सरकवून दंडावरचे निळे डाग पाहिले. आणि गोडाऊनच्या ड्युटीवरून आलेल्या लेकाला दारातच धरलं.

“पोरीवर हात टाकतोस? चुडा फोडलास तिचा? आजपासून ती माझ्याजवळ झोपंल!”

तो बिचारा एक बूट काढून तसाच उभा.

“आई, त्यांनी नाही मारलं,” मी म्हटलं. “सरावात तलवार लागली. मी स्पर्धेत खेळते.”

सासूबाईंनी डाग पुन्हा निरखून पाहिले.

“समोर कोन व्हतं?”

“दुसरी मुलगी.”

“मंग तू तिला मारलंस का न्हाय?”

“मारलं. जास्तच.”

“मंग उद्या पन जा.”

“आई, आणि मला दिलेल्या शिव्या?” नवऱ्याने विचारलं.

“त्या ऱ्हाऊ दे तुझ्याकडं. कधी हात उचलावासा वाटला, तर आठवतील.”